जपानी भाषेचे श्रवणकौशल्य : अल्प मुदतीची तयारी
(जपानी भाषेच्या परीक्षार्थींसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने जपानी भाषेच्या श्रवणावर बोलावे, याचे आपणांस नवल वाटले असेल. त्याची दोन कारणे आहेत. पहिले श्रमबाजाराचे. जपानची लोकसंख्या वृद्धत्वाकडे झुकली असून तेथे मनुष्यबळाची तीव्र टंचाई आहे. जानेवारी २०२१ मध्ये निर्दिष्ट कुशल कामगारांसंबंधी भारत व जपान यांच्यात सहकार्य करार झाला. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर झालेल्या कृती आराखड्यात पाच वर्षांत दोन्ही देशांमध्ये ५ लाखांहून अधिक व्यक्तींच्या देवाणघेवाणीचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. त्यांपैकी ५० हजार कुशल व होतकरू व्यक्ती भारतातून जपानला जाव्यात, अशी अपेक्षा आहे. या वाटेवर भाषेची परीक्षा उभी आहे आणि अनेकांची गाडी श्रवणाच्या भागातच अडते.

दुसरे कारण व्यक्तिगत आहे. जुलै २०१९ मध्ये मी जपानी भाषा प्रावीण्य परीक्षेच्या एन-३ स्तरासाठी बसलो. १८० पैकी ९५ गुणांना उत्तीर्ण. मला १०१ मिळाले आणि तरीही मी अनुत्तीर्ण ठरलो. कारण प्रत्येक विभागात ६० पैकी किमान १९ गुण लागतात आणि श्रवणात मला १७ होते. वाचनातील शिल्लक श्रवणाच्या खात्यात वळती होत नाही, ही साधी गोष्ट अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाच्या लक्षात यायला निकालपत्र हाती पडावे लागले! डिसेंबरच्या परीक्षेला सुमारे चौदा आठवडे उरले होते.

प्रथम मी नेमके काय चुकते, याचा शोध घेतला. ध्वनिफितीचा एक मिनिटाचा भाग ऐकून जे ऐकू आले ते लिहून काढायचे आणि मग छापील संहितेशी ताडून पाहायचे. आठवडाभरात ध्यानात आले की, निसटलेले बहुतेक शब्द मला ठाऊक असलेलेच होते. डोळ्यांना ओळखीचे, कानाला परके! म्हणजे नवे शब्द पाठ करण्यात आणखी तास घालवणे हा त्या घडीला तोट्याचा व्यवहार होता.

मराठी कानाची एक विशिष्ट अडचण आहे. आपण ऱ्हस्व-दीर्घ लिहिताना पाळतो. बोलताना ‘दिन’ आणि ‘दीन’ यांत बहुतेकांच्या तोंडी भेद उरत नाही. जपानीत मात्र स्वराची लांबी अर्थ बदलते. ‘ओबासान’ म्हणजे मावशी-आत्या, तर ‘ओबाऽसान’ म्हणजे आजी. ‘ब्योऽइन’ हे रुग्णालय आणि ‘बियोऽइन’ हे केशभूषेचे दुकान. महिन्याची ४ तारीख ‘योक्का’ आणि ८ तारीख ‘योऽका’. परीक्षेत तारीख विचारली की येथे हमखास फसगत होते. द्वित्ताचे मात्र आपल्याला फारसे भय नको. ‘गडी’ आणि ‘गड्डी’ वेगळे ऐकणाऱ्या कानाला ‘किते’ म्हणजे ‘ये’ आणि ‘कित्ते’ म्हणजे टपालतिकीट, हा फरक लवकर कळतो.

संख्यांचा गोंधळ मला अधिक बोचला, कारण आकडे हा माझा व्यवसाय. जपानी मोजणी दहा हजारांच्या ‘मान’ या एककावर चालते. दहा मान म्हणजे एक लाख, शंभर मान म्हणजे दहा लाख, एक हजार मान म्हणजे एक कोटी. मी मनात आधी इंग्रजी रूपांतर करीत असे. तोवर संवाद पुढे निघून जाई. मग सरळ लाख-कोटींत ऐकू लागलो आणि बराच वेळ वाचला.

वाक्यरचना आपल्या बाजूने आहे. मराठीप्रमाणेच जपानीत क्रियापद शेवटी येते आणि नकारही तेथेच कळतो. ‘ताबेमास’ म्हणजे खातो, ‘ताबेमासेन’ म्हणजे खात नाही. वाक्य संपेपर्यंत निर्णय न घेण्याची सवय आपल्याला जन्मतःच आहे. इंग्रजीतून जपानी शिकताना ती आपण विनाकारण गमावतो. संवादांत ‘देमो’ (पण) आणि ‘याप्पारी’ (शेवटी विचार करता) हे शब्द आले की कान टवकारावेत, कारण आधी ठरलेली गोष्ट तेथे अनेकदा बदलते. ‘दोयोऽबी वा चोत्तो...’ म्हणजे ‘शनिवार जरा...’ एवढ्यावर वाक्य थांबले, तर तो नकार समजावा. जपानी माणूस ‘नाही’ हा शब्द सहसा तोंडावर उच्चारीत नाही. आपल्याकडच्या ‘बघू, कळवतो’ची येथे आठवण होते.

दिनक्रम साधा होता. रोज चाळीस मिनिटे. तोच एक मिनिटाचा भाग आधी संहितेविना दोनदा ऐकणे, लिहिणे, ताडणे. नंतर ध्वनीच्या मागोमाग, अर्धा शब्द मागे राहून, मोठ्याने बोलत जाणे. शेवटच्या कृतीचा घरच्यांना त्रास झाला. मला मात्र तिचाच सर्वाधिक लाभ झाला. जो ध्वनी आपण स्वतः वेगाने काढू शकतो तो कानाला ओळखू येतो. सामग्रीची वाण नाही. परीक्षेचे अधिकृत प्रश्नसंच २०१२ व २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले आहेत. जपान फाउंडेशनचे ‘इरोदोरी’ हे पाठ्यपुस्तक ध्वनिफितींसह विनामूल्य मिळते. घरकाम करताना पार्श्वभूमीला जपानी मालिका लावून ठेवण्याचा प्रयोगही मी केला. भांडी स्वच्छ झाली, गुण वाढले नाहीत.

परीक्षागृहात ध्वनिफीत एकदाच वाजते. अखेरच्या त्वरित प्रतिसादाच्या प्रश्नांत तर पर्यायही छापलेले नसतात. एक प्रश्न हुकला तर उत्तरपत्रिकेवर काहीही एक खूण करून तो सोडून द्यावा. जुलैमध्ये मी हुकलेल्या एका प्रश्नाचा विचार करीत पुढचे दोन गमावले होते.

डिसेंबरच्या परीक्षेत श्रवणाचे ३४ गुण आले. वाचनाचे तीनने घटले. वेळ तिकडून इकडे वळवला होता, त्याची ती किंमत होती. आता आपल्या शंका विचाराव्यात.