माय पैठणहून आली होती

(नामविस्तार दिनाच्या आदल्या संध्याकाळी तरुण कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मला सांगितलं होतं, नामांतराच्या लढ्यावर बोला. तारखा सांगा, ठराव सांगा, शहीद सांगा. सांगतो, पण थोडक्यात. कारण ते तुम्हाला पाठ आहे, निदान असायला पाहिजे. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी ठराव केला, मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं. त्या रात्रीपासून मराठवाडा पेटला. वस्त्या जळाल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळेला मारलं. नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला, आणि तेही निखळ नाही, जुन्या नावाला जोडून. साडेपंधरा वर्षं.

एवढं बोलून झालं. आता मी माझ्या आजीवर बोलणार आहे. कुणाला वाटेल, चळवळीच्या बैठकीत हे घरगुती रडगाणं कशाला. वाटू द्या. मला एक कबुली द्यायची आहे आणि तिला आधीच फार उशीर झालाय.

आजीला आम्ही माय म्हणायचो, आईला बाई. माय पैठणची. तिचं नाव मी सांगत नाही. ती म्हणायची, मव्हं नाव कागदावर घालू नका, कागदानं आपलं कव्हा भलं केलं न्हाई. आणि तरी घरातला एकेक कागद जपायची, बरं का. तिच्या जन्माची तारीख नाही. निजामाच्या राज्यात जन्मली. वय विचारलं तर सांगायची, रझाकारीत तुहा बाप दुसऱ्याची ढोरं राखत व्हता, त्याच्यावरून काढ हिशेब.

पैठण म्हटलं की लोकांना तीन गोष्टी आठवतात. एकनाथ महाराज, पैठणी लुगडं आणि जायकवाडी धरण. पालखी मायनं लांबून पाहिली. पैठणी तिच्या अंगाला कधी लागली नाही. धरण मात्र तिनं डोक्यावरून वाहिलं.

नाथांची ती गोष्ट तुम्ही शाळेत वाचली असेल. गोदावरीच्या तापल्या वाळूत महाराचं पोर रडत होतं, नाथांनी ते कडेवर घेतलं आणि महारवाड्यात त्याच्या घरी नेऊन पोचवलं. आमच्या शाळेत गुरुजी हा धडा शिकवताना गहिवरायचे. मी घरी येऊन मायला सांगितला. ती चुलीपुढं बसली होती. म्हणाली, "उचललं, लई चांगलं केलं. दुसऱ्यानं तेवढंबी केलं नसतं. पण नेऊन सोडलं कुठं? महारवाड्यातच ना?" आणि भाकर उलथली. पुढं समतेवर जाडजाड पुस्तकं वाचली, परिसंवादांत बसलो. एवढ्या कमी शब्दांत कुणी सांगितलं नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी नागपुरात दीक्षा घेतली. आमच्या घरातून कुणी गेलं नाही, गाडीभाडं नव्हतं. दोन महिने होत नाहीत तोच ६ डिसेंबर आला. त्यानंतर वस्तीतल्या लोकांनी देव गंगेत सोडले. आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात. मायनं टाक फडक्यात बांधले, गुडघाभर पाण्यात गेली आणि सोडून आली. तिला भीती वाटली असणार. पिढ्यान्‌पिढ्यांचे देव होते. पण घरी येऊन तिनं रिकामा देव्हारा पुसला आणि त्यात माझ्या बापाचं शाळेचं प्रगतिपुस्तक ठेवलं. पुढं रेशनकार्डही तिथंच आलं. माझा दाखलाही तिथंच. मी कुठल्या मोठ्या मुलाखतीला निघालो की ती त्या कोनाड्याकडं बोट दाखवायची, "कागद घेतला का?" हात जोड म्हणून कधी म्हणाली नाही.

१९६५ मध्ये लालबहादूर शास्त्री आले आणि धरणाचा पाया घातला. मातीचं धरण, दहा किलोमीटर लांब. यंत्रं होतीच, पण माणसंही होती आणि माणसांत बाया होत्या. माय टोपलं घेऊन उभी राहिली. चुंबळ फाटली की लुगड्याची चिंधी. लुगडं फाटलं की दोन लुगड्यांना दंड घालून एक. मुकादम हजेरी लिहायचा, मायला वाचता यायचं नाही. म्हणून तिनं सुतळी ठेवली. दिवस भरला की एक गाठ. पगाराच्या दिवशी मुकादम अकरा म्हणाला की ही कंबरेची सुतळी काढायची. "तुमच्या बुकात अकरा, मह्या सुतळीत तेरा." सगळ्यांसमोर गाठी मोजायला लावायची. दरवेळी जिंकायची असं नाही. पण पुढं पुढं बाकीच्या बायांनीही सुतळ्या ठेवल्या. युनियन युनियन म्हणतो आपण. त्या सुतळ्यांना काय म्हणायचं, तुम्हीच सांगा.

बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडली, लाल मिलोच्या भाकरी खाल्ल्या, कामावर मिळालेली सुकडी पदरात बांधून आमच्यासाठी आणली. तो दुष्काळ तुमच्या आजीआजोबांनी पाहिलाय, त्यांना विचारा. १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते धरणाचं उद्घाटन झालं. त्याच सुमाराला मी शिकायला औरंगाबादला आलो. (शहराचं नाव २०२३ मध्ये बदललं. मी तेव्हाचं बोलतोय म्हणून तेव्हाचं नाव घेतो.)

आता कबुली.

साल १९७७. नागसेनवनाची हवा काय होती ते आज सांगून पटणार नाही. मिलिंद महाविद्यालय बाबासाहेबांनी १९५० मध्ये काढलं आणि खेड्यापाड्यातली आमच्यासारखी पोरं तिथं माणसात आली. मुंबईत १९७२ ला दलित पँथर निघाली होती, तिचं वारं इथं भिनलं होतं. अमेरिकेतल्या काळ्या पँथरांचं नाव घेतल्याशिवाय आमचा चहा संपत नसे. मीही कविता लिहायचो. एका रात्री वसतिगृहाच्या गच्चीवर मी कविता म्हटली. माती वाहणाऱ्या मायवर. कसली टाळी पडली! एकजण रडला. मी दोन दिवस जमिनीवर नव्हतो.

त्यानंतर पंधरा दिवसांनी माय आली. न कळवता. पैठणहून एस.टी.नं आणि स्टँडवरून पायी. वसतिगृहाच्या फाटकात मी मित्रांबरोबर उभा होतो. त्यात दोन जण शहरातले होते, इस्त्रीचे कपडे, इंग्रजी बोलणारे. मी लांबूनच ओळखलं. दंड घातलेलं लुगडं, अनवाणी पाय, डोक्यावर गाठोडं. एकानं विचारलं, कोण रे ही म्हातारी, तुझ्याकडं बघतेय?

मी म्हणालो, गावाकडची बाई आहे. ओळखीची.

तिनं ऐकलं. चार पावलांवर होती, ऐकू आलंच असणार. ती थांबली. मग पुढं आली, गाठोडं खाली ठेवलं आणि परक्या पोराशी बोलावं तसं बोलली, "घे दादा. तुह्या मायनं धाडलंय. म्या इकडं येतच व्हते, तर म्हनली देऊन ये." आणि वळली. मी पाणीसुद्धा विचारलं नाही.

गाठोड्यात ज्वारीच्या भाकरी, ठेचा आणि कोपऱ्याला गाठ मारून दहा रुपये होते. भाकरी मित्रांनी खाल्ल्या. छान आहेत म्हणाले.

मित्रांनो, मला सवर्णांनी जे केलं त्याचे मी शंभर हिशेब मांडले आहेत. भाषणांत, लेखांत, निवेदनांत. पण त्या दिवशी फाटकात शिवाशीव पाळणारा मी होतो. आणि माझी लाज झाकायला ती स्वतः परकी झाली. कवितेतली माय मला चालत होती, फाटकातली चालत नव्हती.

तिनं हा विषय कधी काढला नाही. दिवाळीला घरी गेलो तेव्हा नेहमीसारखीच म्हणाली, वाळला रे. मी मान खाली घालून जेवलो. माफी मागायची होती, मागितली नाही. आज मागू, उद्या मागू.

पुढच्या वर्षी ठराव झाला आणि आगी लागल्या. मायची धाकटी बहीण बीड जिल्ह्यातल्या एका खेड्यात होती. ती एक पातेलं आणि दोन नातवंडं घेऊन आमच्या दारात आली. घर गेलं होतं. माय काही बोलली नाही. तिला चुलीजवळची जागा दिली आणि स्वतः उंबऱ्यापाशी झोपायला लागली.

१९७९ ला नागपूरहून प्राध्यापक जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली लाँग मार्च निघाला, ठिकठिकाणी सत्याग्रह झाले, अटका झाल्या. मी तेव्हा कुठं होतो? खोलीत. परीक्षा होती. मोठ्या पोस्टची स्वप्नं होती. माय मात्र वस्तीतल्या बायांबरोबर ट्रकमध्ये बसून गेली आणि आत गेली. साठी उलटलेली बाई. एका अंमलदारानं विचारलं, म्हातारे, तुला अक्षर येत नाही, विद्यापीठाला कुणाचंही नाव असलं तर तुला काय? माय म्हणाली, "धरणाच्या पाण्याला नाथबाबाचं नाव दिलं, नाथसागर. पाण्याला कुठं वाचता येतं? तवा एक काडी पेटली न्हाई." हे मला तिनं सांगितलं नाही, तिच्याबरोबरच्या बायांनी सांगितलं.

सुटून आल्यावर मी विचारलं, आत कसं होतं? हसली. "जन्मात पयल्यांदा दुसऱ्यानं थापलेली भाकर आयती खाल्ली. जाड व्हती."

१९८४ मध्ये शरणकुमार लिंबाळ्यांचं 'अक्करमाशी' आलं. त्यात त्यांची आजी आहे, संतामाय. त्या लेखकानं आपल्या आजीचं काहीच लपवलं नाही, भूक नाही, घाण नाही, काही नाही. मी ते एका बैठकीत वाचून संपवलं आणि रात्रभर जागा राहिलो. दुसऱ्या दिवशी पैठणची गाडी पकडायची ठरवलं. गेलोही. माय दारात शेंगा फोडत होती. मी म्हणालो, माय, त्या दिवशी फाटकात... ती म्हणाली, "शेंगा खा. भाजून देऊ का?" मी शेंगा खाल्ल्या.

१९९१ च्या पावसाळ्यात ती गेली. नाव लागलेलं तिनं पाहिलं नाही. पुण्यानुमोदनाच्या दिवशी कोनाडा आवरताना रेशनकार्डाखाली ती सुतळी सापडली. गाठी अजून होत्या. मी मोजल्या नाहीत. सुतळी माझ्याकडं आहे, आज आणली नाही. दाखवायची वस्तू नाही ती.

उद्या विद्यापीठ गेटवर गर्दी होईल. पुस्तकांचे स्टॉल लागतील, तुम्ही फोटो काढाल, काढा. पण पैठण, गेवराई, अंबडकडून म्हाताऱ्या येतात, फूटपाथवर फडकं सोडून बसतात, त्यांच्याजवळ थोडं टेका. कुणाचं घर जळालं, कोण कुठल्या तुरुंगात होतं, किती दिवस, हे विचारा आणि लिहून घ्या. आपल्या लढ्याच्या पुस्तकांत पुढाऱ्यांच्या सह्या आहेत, या बायांच्या सुतळ्या नाहीत. त्यांतल्या कितीतरी गेल्या. नाव सांगायला कुणी नको म्हणाली तर जबरदस्ती करू नका, नावाशिवाय लिहा.

मी सकाळी नऊला कमानीच्या उजव्या अंगाला उभा असेन. वही आणि पेन आपापलं आणा. पाण्याची बाटलीही आणा, त्यांच्यासाठी.