घांस अडतो तेव्हां

पिंपळगांव बसवंतच्या एखाद्या द्राक्षबागाईतदाराला प्रथम भाकरीचा घांस अडूं लागतो, पुढें मऊ भाताचा, आणि शेवटीं दूधहि उतरेनासें होतें. दुर्बीण घालून तुकडा तपासला कीं अन्ननलिकेचा कर्करोग निश्चित होतो. परंतु खरा प्रश्न त्यानंतरचा : रोग आहे तेथेंच आहे, कीं दूरवर पसरला आहे?

सी. टी. हें क्ष-किरणांचें चित्र शरीराची घडण दाखवितें. पण आकारानें न वाढलेल्या गांठींतील रोग त्यांत ओळखूं येत नाहीं. पेट तपासणींत फ्लोरिन-१८ जोडलेली साखर शिरेंतून देतात. कर्कपेशी ती अधाशीपणें शोषतात व चित्रांत उजळतात. मात्र नेमकें ठिकाण कळत नाहीं. दोन्ही चित्रें एकावर एक बसविलीं कीं स्थान आणि स्वभाव दोन्ही उमगतात. १९४१ सालीं उघडलेल्या परळच्या टाटा स्मारक रुग्णालयांत असें जोडयंत्र २००४ सालीं आलें.

यकृतांत वा हाडांत रोग निघाला, तर छाती उघडण्याची मोठी शस्त्रक्रिया व्यर्थ ठरते. रोग्याचे ते हाल टळतात. मात्र सूजहि उजळते. म्हणून एका डागावरून आशा सोडूं नये. शक्य तेथें तुकडा तपासावा. रोगाची खोली तर आंतून घेतलेल्या ध्वनिचित्रानेंच अधिक कळते.

पिंपळगांवाहून परळ सुमारें २०० किलोमीटर. तो प्रवास निष्फळ नव्हे. पण कोणतेंहि चित्र गमावलेला काळ परत देत नाहीं. दूध उतरतें आहे, एवढ्या समाधानावर कोणीं थांबूं नये. भाकरी अडली, कीं त्याच आठवड्यांत डॉक्टर गांठावा.