दुसरबीडच्या वर्गात ब्राझील



आपल्या राज्यात २०१८ पासून दहावीच्या भूगोलात दोनच देश आहेत, भारत आणि ब्राझील. बालभारतीच्या त्या पुस्तकात प्रत्येक पाठात दोघे शेजारी शेजारी येतात. अनेक पालक शिक्षकांना विचारतात, ‘गुरुजी, दुसरबीडच्या पोरांना ब्राझीलचं काय करायचंय?’ प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर आपल्याच शिवारात आहे.

दसरा-दिवाळीच्या सुमारास दुसरबीड ज्यात येतं त्या सिंदखेड राजा तालुक्यात सोयाबीनची सोंगणी झालेली असते. कट्टे भरून माल बाजार समितीत जातो. व्यापारी मूठभर दाणे ओलावा मोजायच्या यंत्रात टाकतो, आकडा बघतो आणि भाव सांगतो. नेमक्या त्याच दिवसांत ब्राझीलच्या मातो ग्रोसो राज्यात सोयाबीनची पेरणी चालू असते, कारण तो देश बहुतांशी दक्षिण गोलार्धात आहे आणि ऋतू आपल्या उलटे. तिथली काढणी जानेवारी ते मार्च. म्हणजे आपला शेतकरी भाव वाढेल या आशेने माल घरात ठेवतो, तेव्हा तिकडचा नवा माल जगाच्या बाजारात उतरतो. आपल्याकडे वर्षाला साधारण सव्वा कोटी टन सोयाबीन होतं, ब्राझीलमध्ये पंधरा कोटी टनांच्या वर. आपली पेंड परदेशात विकायची तर त्यांच्या पेंडीशी टक्कर घ्यावी लागते. शिवाय सोयाबीन तेल आपण अर्जेंटिना आणि ब्राझीलकडून घेतो, पामतेल इंडोनेशिया-मलेशियाकडून. भाव का पडला याची कारणं अनेक असतात, पण ज्या मुलाला गोलार्ध नीट समजला त्याला त्यातलं एक तरी कारण कळलेलं असतं.

ब्राझीलमध्ये हे पीक एवढं वाढलं कसं? सेराडो या गवताळ प्रदेशाची माती आम्लधर्मी, म्हणून ती पूर्वी शेतीला निरुपयोगी समजली जाई. १९७३ मध्ये एम्ब्रापा ही सरकारी कृषी संशोधन संस्था निघाली. मातीत चुना घालून आम्लता कमी करण्याचं तंत्र पसरलं, उष्ण कटिबंधात येणारे वाण तयार झाले. त्याची किंमतही मोठी आहे. सेराडोचं नैसर्गिक आवरण फार मोठ्या क्षेत्रावरून नाहीसं झालं. वर्गात या दोन्ही बाजू सांगायला हव्यात, एकच सांगितली तर तो भूगोल अर्धा राहतो.

दुसरबीड साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. विषुववृत्तापासून तेवढ्याच अंतरावर, पण दक्षिणेला, ब्राझीलचं बेलो होरिझोंटे शहर आहे. जानेवारीत आपल्याकडे हरभऱ्यावर दव पडतं, तिकडे भर उन्हाळा आणि जोराचा पाऊस. पृथ्वीगोल हातात देऊन मुलांना ही दोन ठिकाणं बोटांनी शोधायला लावली की दोन्ही हवामानं त्यांच्या लक्षात राहतात. ‘अवर्षण चतुष्कोन’ शिकवतानाही तसंच. ईशान्य ब्राझीलच्या त्या कोरड्या पट्ट्यासमोर सह्याद्रीआडचा माणदेश ठेवला की पर्जन्यछायेचं कारण मुलं स्वतः सांगतात.

आता बदलत्या जगाविषयी. आपली शेवटची पूर्ण झालेली जनगणना २०११ ची. ब्राझीलने २०२२ मध्ये नव्याने मोजणी केली, लोकसंख्या सुमारे २० कोटी ३० लाख निघाली. छापील आकडा मागे पडतोच, त्यात पुस्तकाचा दोष नाही. २०२२ मध्येच युक्रेनचं युद्ध पेटलं आणि आपल्या किराणा दुकानात सूर्यफूल तेल कडाडलं. हे तेल ज्या मार्गाने येतं तो काळा समुद्र नकाशात कुठे आहे, हे सांगायला त्याहून चांगला दिवस शिक्षकाला मिळाला नसता. असे दिवस आपण वाया घालवतो, कारण चाळीस गुणांचा पेपर डोळ्यांसमोर असतो. राजधान्या आणि नद्या पाठ हव्यातच, त्यांच्याशिवाय नकाशा वाचता येत नाही. मात्र तिथेच थांबणं मला मान्य नाही.

भूगोलाच्या शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे. सोंगणी सुरू झाली की वर्गात एक तक्ता लावा. दर आठवड्याला बाजार समितीतला सोयाबीनचा भाव मुलांकडून लिहून घ्या, शेजारी त्या आठवड्यात ब्राझीलमध्ये पेरणी आहे की काढणी, तेही लिहा. मार्चपर्यंत हा तक्ता चालू ठेवा, आणि परीक्षेआधी एक दिवस पालकांना शाळेत बोलावून मुलांना तो समजावून सांगू द्या.