काटा खरे बोलतो, पण अर्धेच

भगिनींनो, मी सातवी शिकलेली. हिशेब चुकला तर हसू नका. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागले की बीएमआय निघतो. माझे वजन ५० किलो, उंची दीड मीटर, उत्तर २२.२. आपल्याकडे २३ च्या आत ठीक मानतात. मी खूश! पण रक्तात साखर निघालीच.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन, दोघांचाही बीएमआय २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२! २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये हे छापून आले. आपल्या सडपातळ अंगातही चरबी अशी दडते, आणि पोटाशी साठली की साखरेला वाट करून देते. बाईच्या कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या आत हवा. माझा ८६ भरला.

गुलमंडीवरून शिवणाची टेप आणली आहे. चहाआधी एकेकीने आत यावे.