मागणी शेकापची, कायदा काँग्रेसचा



मागण्या मान्य होत गेल्या आणि पक्ष मात्र आटत गेला, असे महाराष्ट्रात एका पक्षाच्या वाट्याला आले. तो म्हणजे शेतकरी कामगार पक्ष, आपला शेकाप.

स्वराज्य आले तरी कारभार शेटजी-भटजींच्याच हाती राहणार, या रागातून केशवराव जेधे, शंकरराव मोरे यांच्यासारखी काँग्रेसमधली बहुजन मंडळी १९४७ च्या सुमारास वेगळी झाली. १९५० साली मालेगावजवळच्या दाभाडीला पक्षाने मार्क्सवाद-लेनिनवाद स्वीकारला. पण गावोगावचा त्याचा कार्यकर्ता बहुधा स्वतःची जमीन कसणारा शेतकरी. कष्टकऱ्यांच्या हुकूमशाहीची भाषा त्याला परकीच वाटली. जेधे तर १९५४ मध्ये काँग्रेसमध्ये परतले.

तरी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याने पक्षाला उभारी दिली. १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्र समितीच्या झेंड्याखाली त्याचे ३१ आमदार निवडून आले. महाराष्ट्र राज्य झाले आणि १९६२ ला १५ उरले. मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाणांच्या, विरोधकांना काँग्रेसमध्ये ओढणाऱ्या बेरजेच्या राजकारणात शेकापची एकेक माणसे वजा होत होती. साखर कारखाना, जिल्हा बँक, जिल्हा परिषद बहुतेक सगळे काँग्रेसच्या हाती. गावकीची कामे करून घ्यायची, तर पुढाऱ्याला तिथेच जावे लागे. कापसाची एकाधिकार खरेदी असो, रोजगार हमी असो, विधिमंडळात आणि रस्त्यावर शेकाप भांडला. श्रेय सत्ताधाऱ्यांच्या खात्यावर जमा झाले.

पक्ष तगला तो जिथे माणसे लोकांत राहिली तिथे. सांगोल्यातून गणपतराव देशमुख अकरा वेळा आमदार झाले. रायगडात दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली १९८४ साली शेतकरी संपादित जमिनीच्या मोबदल्यासाठी उभे राहिले, गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क आला. पण भूखंड मिळाला, शेत गेले. आणि शेतकरीच उरला नाही, तर शेतकऱ्यांच्या पक्षाने उभे राहायचे कुणाच्या बळावर?

२०२४ च्या विधानसभेत पक्षाचा एकच आमदार आला, तोही सांगोल्यातून, गणपतरावांचा नातू.

मागणी मान्य करून घेणे हे अर्धेच काम. ती राबवणारी बँक, सोसायटी, पंचायत आपल्या माणसांच्या हाती ठेवणे, हे उरलेले अर्धे. शेकापचे तेवढे राहून गेले. आज कांद्याच्या किंवा सोयाबीनच्या भावासाठी रस्त्यावर उतरणाऱ्यांनी हा हिशेब आधीच मांडून ठेवावा.