'आहे'चे गोत



स्पॅनिश शिकू लागलेला मनुष्य पहिला अडखळतो तो 'असणे' या क्रियापदापाशी. मूळ रूप 'सेर'. पण 'तो आहे' याला 'एस', आणि 'तो होता' याला 'फुए'. एकाच घरातली ही माणसे एकमेकांना ओळखही देत नाहीत! विद्यार्थी म्हणतो, भाषा बिघडलेली दिसते. ती बिघडलेली नाही, एवढेच आम्हांस आज सांगावयाचे आहे.

या रूपांचा माग लॅटिनमध्ये लागतो. 'एस' आले 'एस्त'पासून. ते आपल्या 'अस्ति'चे भावंड. 'फुए' आले 'फुइत'पासून. त्याचा धातू आणि आपला 'भू' मुळात एकच. 'सेर'मध्ये मात्र दोन प्रवाह मिळाले : 'असणे' या अर्थाचा 'एस्से' आणि 'बसणे' या अर्थाचा 'सेदेरे'. 'सेदेरे'तला 'द' बोलता बोलता गळाला, 'सेएर' उरले, त्याचे पुढे 'सेर' झाले. 'सदन', 'सभासद' या शब्दांतला 'सद्' तो हाच.

शेजारी दुसरे क्रियापद आहे 'एस्तार'. ते लॅटिन 'स्तारे'पासून, म्हणजे 'उभे राहणे', आपला 'स्था'. 'एस लिस्तो' म्हणजे तो हुशार आहे. 'एस्ता लिस्तो' म्हणजे तो तयार आहे. पहिल्यात स्वभाव, दुसऱ्यात स्थिती.

आणखी एक गंमत पाहा. लॅटिनमधील 'तू आहेस' आणि 'तो आहे' ही दोन्ही रूपे झिजून 'एस'च होऊ लागली. मग लोकांनी 'तू असशील' या अर्थाचे 'एरिस' उचलले आणि 'एरेस' करून वर्तमानकाळात बसविले. हे कोणा वैयाकरणाने ठरविले नाही. स्पॅनिश घडली ती ग्रंथांतल्या लॅटिनपासून नव्हे. शिपाई, व्यापारी, शेतकरी यांच्या तोंडच्या लॅटिनपासून.

आपल्याकडे तरी निराळे काय आहे? संस्कृतात 'अस्ति'चा भविष्यकाळ 'भविष्यति'. 'अस्'च्या जागी 'भू' येतो, हा पाणिनीचाच नियम. मराठीत 'आहे'चा भूतकाळ 'होता', तोही 'भू'च्याच घरचा.

खेड्यातले मूल शाळेत 'हाय' म्हणते आणि वर्ग हसतो. त्याला 'आहे' लिहावयास अवश्य शिकवावे. पण हसू नये. ज्या वाटेने ते 'हाय' आले, त्याच वाटेने जगातल्या थोर भाषा आल्या आहेत.