एका चुकलेल्या गणिताची हकीकत
(वार्षिक संमेलनात विद्यार्थ्यांच्या गुणगौरवप्रसंगी दिलेले व्याख्यान)



मी केवळ मॅट्रिक झालेला शाळामास्तर. उच्च गणितावर अधिकारवाणीने बोलण्याची माझी योग्यता नाही. परंतु आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासल्या आणि एक गोष्ट नित्य पाहिली. उत्तर चुकले की मूल आधी ते खोडून टाकते, कारण शोधीत बसत नाही. फळ्यावर माझे चुकले तर मीही घाईने पुसून टाकीत असे, हे आज कबूल करतो. म्हणूनच ज्याने आपले चुकलेले उत्तर खोडले नाही, अशा एका गणितज्ञाची हकीकत सांगण्याचे योजिले आहे.

लुईस फ्राय रिचर्डसन यांचा जन्म १८८१ साली इंग्लंडातील न्यूकॅसल येथे एका क्वेकर कुटुंबात झाला. क्वेकर म्हणजे युद्ध निषिद्ध मानणारा ख्रिस्ती पंथ. केंब्रिजचे शिक्षण आटोपल्यावर पदार्थविज्ञानातील अवघड समीकरणांकडे त्यांचे लक्ष गेले. ज्या समीकरणांची उत्तरे सूत्राने निघत नाहीत, ती लहान लहान पायऱ्या पाडून साध्या अंकगणिताने सोडविता येतात, हे त्यांनी दगडी धरणातील ताणांवरील निबंधात दाखविले. तो १९११ साली प्रसिद्ध झाला.

पुढे हीच युक्ती त्यांनी वातावरणाला लावली. बुद्धिबळाच्या पटाप्रमाणे भूमीचे चौकोन पाडावयाचे, प्रत्येक चौकोनावरील हवेचे थर कल्पावयाचे, प्रत्येक थरातील दाब, वारा, उष्णता व ओलावा यांचे आकडे मांडावयाचे, आणि पदार्थविज्ञानाच्या नियमांनी काही तासांनंतरचे आकडे काढावयाचे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत २०२४ साली सुरू झालेला 'अर्का' महासंगणक जी आकडेमोड करतो, तिचे मूळ येथे आहे. रिचर्डसन यांच्यापाशी मात्र कागद, पेन्सिल व एक गणकपट्टी एवढीच सामग्री होती.

१९१६ साली वेधशाळेची नोकरी सोडून ते फ्रान्सच्या रणभूमीवर रुग्णवाहिका हाकण्यास गेले. बंदूक धरावयाची नाही, पण जखमींना टाकूनही द्यावयाचे नाही, असा त्यांचा निश्चय होता. घायाळ सैनिक वाहून नेण्याच्या कामातून सवड मिळे तेव्हा, थंडगार मुक्कामात गवताच्या ढिगावर बसून त्यांनी एक भाकीत सोडविण्यास घेतले. दिवस निवडला तो २० मे १९१०, म्हणजे उलटून गेलेला. कारण त्या दिवशीच्या हवेच्या नोंदी हाताशी होत्या आणि ताळा पाहता येत होता. सहा तासांच्या भाकितासाठी सुमारे सहा आठवडे लागले! १९१७ च्या शँपेनच्या लढाईत हस्तलिखित हरवले, ते काही महिन्यांनी बेल्जममध्ये कोळशाच्या ढिगाखाली सापडले.

उत्तर काय आले? हवेचा दाब सहा तासांत १४५ मिलिबारने वाढेल! प्रत्यक्षात तो जवळजवळ स्थिर होता. माझ्या वर्गात कोणी असे उत्तर आणले असते तर मी कान पिळला असता. रिचर्डसन यांनी मात्र १९२२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ते उत्तर, त्याची सर्व कोष्टके आणि रीत यांसह जगापुढे ठेवले. चूक वाऱ्यांच्या मूळ नोंदींत असावी, असेही लिहिले. पुढील संशोधनाने ते बव्हंशी खरे ठरले. दाब आणि वारा यांच्या आकड्यांत समतोल नव्हता. त्या किंचित विसंगतीतून उठलेल्या वेगवान लहरींनी खरे हवामान झाकून टाकले. आयर्लंडचे पीटर लिंच यांनी आरंभीचे आकडे सुसंगत करून त्याच रीतीने गणित सोडविले, तेव्हा उत्तर समंजस आले.

त्याच ग्रंथात त्यांनी एक कल्पनाचित्र रंगविले आहे. एका प्रचंड गोल सभागृहात चौसष्ट हजार माणसे साऱ्या पृथ्वीच्या हवेचे गणित करीत आहेत, आणि मधोमध बसलेला नियामक पुढे गेलेल्यांवर गुलाबी व मागे पडलेल्यांवर निळा प्रकाश टाकीत आहे. लोकांना ही गंमत वाटली असेल. मला तर ती थेट शाळाच वाटते.

१९२० साली हवामान खाते विमानदलाच्या मंत्रालयाखाली गेले, तेव्हा त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला आणि लंडनच्या अध्यापक महाविद्यालयात शिकविणे पत्करले, म्हणजे आमच्याच व्यवसायातील माणसे घडविण्याचे काम! आपले संशोधन विषारी वायूंच्या तज्ज्ञांना हवेसे झाले आहे असे दिसताच त्यांनी अप्रकाशित भाग नष्ट केला, असे त्यांच्या पत्नी डोरोथी यांनी सांगितले आहे. त्यानंतर युद्धे का होतात, याच प्रश्नाला त्यांनी गणित लावले.

१९५० साली अमेरिकेत ज्यूल चार्नी, जॉन फॉन नॉयमन आदींनी एनिॲक या यंत्रावर भाकिते काढली. त्या वेगवान लहरी गाळून टाकणारे सोपे समीकरण त्यांनी घेतले होते. चोवीस तासांच्या भाकितास जवळजवळ चोवीस तासच लागले. यंत्र बांधले होते तोफगोळ्यांच्या कोष्टकांसाठी! चार्नी यांनी नकाशे वृद्ध रिचर्डसन यांच्याकडे धाडले. आपल्या एकुलत्या एक आणि साफ चुकलेल्या उत्तराच्या मानाने ही फार मोठी प्रगती आहे, असे त्यांनी मोकळ्या मनाने कळविले. नकाशे त्यांनी डोरोथीबाईंपुढेही ठेवले. दुसऱ्या दिवसाच्या खऱ्या नकाशाशी अधिक जुळते ते काय, यंत्राचे भाकीत की आदल्या दिवसाचाच नकाशा? बाईंनी एकेक नकाशा पाहिला आणि थोडक्या फरकाने भाकिताच्या बाजूने कौल दिला.